निरोपाचा पेला

चर्चची घंटा पहिल्यांदा वाजली तेव्हा आदलीन सासूच्या स्वयंपाकघरात एकटीच होती आणि चीजच्या चाकावरची साल खरवडत होती. सत्तावन्न वर्षांची साल, ती काय सुरी लावली आणि निघाली असं थोडंच होतं. आधी तिनं ओलं फडकं गुंडाळून ठेवलं, मग नवऱ्याच्या रंध्याची पात आणली, आणि आता तळहाताला फोड आले तरी ती घासत होती. सगळं लार्से गाव तिच्या सासूला, फिलोमेन सोलिओला, पुरायला गेलं होतं. सुनेनं मागं राहून जेवणाचं बघायचं, ही रीत आदलीनला आज पहिल्यांदाच बरी वाटली.

आमच्याकडे मूल बाप्तिस्म्याहून घरी आलं, की त्या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर केलेलं एक चाक त्याच्या नावानं बाजूला निघतं. सून घरात आली तर तिच्यासाठी लग्नाच्या सालचं. वर घराण्याची खूण कोरतात, खाली ज्याच्या त्याच्या खाचा, आणि मग ते कोठारात जाऊन पडतं. त्या माणसाला पुरून आलं की ते कापायचं, घरच्या पिंपातल्या वाइनबरोबर खायचं. मरणाचं चीज म्हणतात त्याला. लहानपणी आम्ही आपापलं चाक बघायला कोठारात जायचो. भिण्यासारखं त्यात काही वाटायचं नाही. उलट ज्याचं चाक मोठं तो दिवसभर तोरा मिरवायचा.

आदलीन जे घासत होती त्यावर सोलिओंची शिडी कोरलेली होती आणि शिडीखाली दोन खाचा होत्या. थोरला कांदीद, म्हणजे आदलीनचा नवरा, त्याची एक खाच. मधली उर्स्युल, तिच्या दोन. धाकट्या फिर्मेंच्या तीन. आईच्या चाकावर खाच नव्हती, क्रूस होता, आणि ते तिच्या लग्नाच्या, एकवीस सालचं होतं. पण आईचं चाक कोठारात नव्हतंच. गेली तीन वर्षं ते खाली सिएरला, फिर्मेंच्या वाइनच्या दुकानात काचेच्या कपाटात बसलं होतं. जिनिव्हाहून आलेली माणसं त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढून घ्यायची.

तेव्हा आज सासूच्या मरणाला नणंदेचं चीज कापलं जाणार होतं. कांदीद, फिर्में आणि आदलीन या तिघांना हे ठाऊक होतं. उर्स्युलला नव्हतं. वेळ बघून सांगू, वेळ बघून सांगू, असं करत तीन वर्षं गेली, आणि लपवायचं ओझं आता या रंध्याच्या पातीवर येऊन पडलं होतं. बाकीची साल राहिली असती तरी कुणी नाक मुरडलं नसतं. त्या दोन खाचा राहून चालणार नव्हतं.

उर्स्युलला आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती या घरात जन्मली, याच घरात बिनलग्नाची राहिली, आणि शेवटची पंधरा वर्षं आईला उचलण्या-बसवण्यात तिची कंबर गेली. ईस्टरपासून कांदीद हे घर बर्फावर खेळायला येणाऱ्या लोकांना भाड्यानं देणार होता. उर्स्युलसाठी आदलीनच्या स्वतःच्या घरी, स्वयंपाकघरामागची खोली काढायचं ठरलं होतं, जिथं आता बटाटे असतात. आदलीनला ते नको होतं. तीस वर्षं या घरात तिनं एकच ऐकलं होतं, उर्स्युलचा पाव असा फुगतो, उर्स्युल चादरी अशा घडी करते. आता तीच बाई उठता-बसता डोळ्यांसमोर येणार. पण तिचं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता मत द्यायची सवय तिनं केव्हाच सोडली होती.

दुसरी खाच गेली. आदलीननं बोटानं चाचपून बघितलं, भुसा फडक्यात गोळा केला आणि चुलीत टाकला. जळलेल्या दुधाचा वास सुटला म्हणून तिनं थंडीतही खिडकी उघडली.

* * *

पुरून आल्यावर वाइन काढायला तळघरात जायचं काम उर्स्युलचं होतं. फिर्में तिच्या मागोमाग उतरला. त्यानं नवा काळा कोट घातला होता आणि पायऱ्यांवर तो भिंतीला लागू नये म्हणून अंग चोरत होता.

पिंप लार्चच्या लाकडाचं, माणसाच्या छातीइतकं उंच. पणजोबांनी ते भरलं तेव्हापासून ते कधी रिकामं झालेलं नाही. वर्षभर पाहुण्याला, बाप्तिस्म्याला, मयताला एखादा जग काढायचा, आणि दर वसंतात खालच्या मळ्यातली रेझ द्राक्षांची नवी वाइन आणून जितकं गेलं तितकं भरायचं. त्यामुळे आत नेमकी कितव्या सालची वाइन आहे हे कुणी सांगू शकत नाही. हिमनदीची वाइन म्हणतात तिला. पांढरी म्हणायची, पण रंग जुन्या लोण्यासारखा, आणि पहिला घोट असा कडू की नवखा माणूस पेला खाली ठेवतो. दुसऱ्या घोटाला अक्रोड लागतात, लाकडाचा डिंक लागतो. तिसऱ्या घोटापर्यंत पोचणारे आमच्या खोऱ्यातलेच असतात.

फिर्में हे सगळं रोज दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचा. फांदां ही हलकी पांढरी वाइन वितळलेल्या चीजबरोबर आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबर, आर्वीन ही उंची पांढरी तळ्यातल्या माशांबरोबर, आणि हिमनदीची वाइन फक्त सुक्या चीजबरोबर आणि रायच्या काळ्या पावाबरोबर, असं तो बोट वर करून म्हणायचा. त्याच्या दुकानात सगळं होतं, एवढं पिंप नव्हतं. आईचं चाक कपाटात येऊन बसल्यापासून त्याला शेजारची रिकामी जागा खुपत होती.

"ते खाली नेऊ म्हणतो मी," तो म्हणाला. "तुलाच बरं. या पायऱ्या तू कुठवर चढणार-उतरणार?"

"पायऱ्या माझ्या ओळखीच्या आहेत."

"तिथं चार लोक बघतील तरी. इथं कोण येतं?"

उर्स्युलनं तोटी हलकेच फिरवली. वाइन जगात पडताना ती कान देऊन ऐकत होती; किती निघाली ते तिला आवाजावरून कळायचं. "चार लोकांना तू फांदां दे," ती म्हणाली. "पोटभर चीज वितळवून घाल, वर फांदां पाज, ढेकर देत गाडीत बसतील बिचारे. ही त्यांना कशाला? आणि पिंप हललं की आतला गाळ ढवळतो, मग ते बसायला दहा वर्षं लागतात. तुला माहीत आहे."

माहीत होतं. मग उर्स्युल आपणहून बोलायला लागली, आणि ते त्याला पिंपापेक्षा जड गेलं. मार्चमध्ये मी छाटणीला खाली येईन, ती म्हणाली, रेझच्या त्या दोन ओळी तोवर उपटू नकोस, मला ठाऊक आहे तुझा डोळा आहे त्यांच्यावर. घराचं म्हणशील तर पुढची मोठी खोली मी बंदच ठेवणार आहे. एकटीला काय करायची, लाकूड तरी वाचेल. आईची खाट नव्या वर्षात माळ्यावर टाकीन. ती हे सांगताना तिच्या आवाजात एक हलकेपणा होता, जो फिर्मेंनं तिच्या तोंडी कधी ऐकला नव्हता. चार दिवसांपूर्वी आई गेली होती आणि त्याची बहीण घर कसं लावायचं याचे बेत करत होती.

सांगायचं असेल तर आत्ता, हे त्याला कळत होतं. तो तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. याच पायऱ्यांवर तिनं त्याला चालायला शिकवलं होतं. तो म्हणाला, "बघू," आणि जग उचलून पुढं निघाला. फिर्में वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हातून वाईट माणसाइतकंच होतं.

* * *

जेवायला वीसेक माणसं होती. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, एक तुकडा तोंडात टाकला आणि दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये मिस्सा आहे म्हणून निघून गेले. टेबलावर सुकवलेलं मांस पातळ कापून ठेवलं होतं, काळा पाव होता, आणि मध्ये पाटावर ते चाक, पांढरंफटक घासलेलं. आदलीननं इतकं का घासलं असेल असं उर्स्युलच्या मनात आलं, पण मयताच्या दिवशी वहिनीच्या कामात खोट कशाला काढा म्हणून ती बोलली नाही.

आधी पेला फिरतो. लाकडी पेल्यात पिंपातली वाइन ओतायची, आणि ज्याच्या हातात तो येईल त्यानं मेलेल्या माणसानं आपल्याला काय दिलं ते एका वाक्यात सांगून घोट घ्यायचा. लांबण लावायची नाही आणि खोटं बोलायचं नाही. कांदीद म्हणाला, तिनं मला जमीन धरून ठेवायला शिकवलं. फिर्में म्हणाला, तिनं मला गावाबाहेर जाऊ दिलं. शेजारणी, चुलत भावंडं, कुणी वासराचं सांगितलं, कुणी लढाईच्या काळातल्या बटाट्यांचं. उर्स्युलनं चार दिवस विचार करून ठेवला होता. पेला तिच्याकडे आला तेव्हा ती म्हणाली, "तिनं मला तिचं म्हातारपण दिलं." लोकांनी माना डोलावल्या. त्यांना ती स्तुती वाटली.

मग कांदीदनं चाक फोडलं. असलं चीज सुरीनं कापत नाहीत, छिन्नी लावून हातोडीनं उडवतात. तुकडे फिरले. उर्स्युलनं आपला तुकडा तोंडात ठेवला, वर वाइनचा घोट घेतला. ही जोडी खरी तिच्या आवडीची. वाइनचा कडवटपणा चीजच्या मिठावर येऊन टेकतो आणि मग दोन्हींमधून एक गोडसर चव निघते, जी दोन्हींत वेगवेगळी नसते. ती डोळे मिटून चघळत होती. चला, आईचं झालं, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला लाजही वाटली.

"हे फिलोमेनचं नाही."

बोलला तो म्हातारा सेराफें. वय एक्याऐंशी, कानानं बहिरा, म्हणून त्याचं साधं बोलणंही अंगणात ऐकू जायचं. तरुणपणापासून चाळीस उन्हाळे त्यानं वरच्या कुरणावर चीज केलं होतं. त्यानं तुकडा खिडकीच्या उजेडात धरला होता.

कांदीद हसून म्हणाला, सेराफेंकाका, वाइन जरा बेतानं. पण म्हातारा चवीच्या बाबतीत थट्टा चालवून घेणाऱ्यांतला नव्हता. एकवीस साल कोरडं गेलं, तो म्हणाला, गवत जळलं, गाई आटल्या. त्या वर्षीचं चीज हाडासारखं, त्यात टाचणी जायची नाही. आणि हे बघा.

"ही सालीखालची भेग बघा. ही माझी आहे. सव्वीस साली पाऊस उघडेना, चीज फुगायला लागलं, आणि मी वर दाबायचे दगड उशिरा ठेवले. मालकानं मला या भेगेपायी सगळ्यांसमोर थोबाडलं होतं. मी दुसरं काही विसरेन."

या घरात सव्वीस साली कुणाचा बाप्तिस्मा झाला हे सांगायला कुणाची गरज नव्हती. उर्स्युलच्या तोंडात अजून तुकडा होता. ती आपलंच मरण चघळत होती, आणि त्याची चव चांगली होती, हेच तिला सहन होईना. थुंकावं तर मयताच्या जेवणाचा घास. तिनं तो गिळला.

"आईचं कुठं आहे?" तिनं विचारलं.

कांदीद पटकन म्हणाला, "फिर्मेंनं नेलं." कोठाराची किल्ली कुणाकडे असते, असं फिर्मेंनं टेबलाकडे बघतच विचारलं. मी काय कुलूप तोडून नेलं? सकाळी शवपेटीला दोघांनी एकाच बाजूनं खांदा दिला होता, आता दोघं एकमेकांच्या अंगावर लोटत होते. दुकानातल्या काचेच्या कपाटाचं निघालं, जिनिव्हाच्या फोटोंचं निघालं. एक चुलतभाऊ म्हणाला की मी बघितलंय ते, खाली पाटीही लावलीय, छान दिसतं. त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

मग कांदीदनं आयुष्यभर जे केलं तेच केलं, ओझं जवळच्या माणसावर टाकलं. तो म्हणाला, आज हे उर्स्युलचं चाक आणायचं नव्हतंच. आपण दुसरंच साधं चीज कापणार होतो. कोठारात अंधार असतो, आदलीननं चुकून हे उचललं, बायकांना खुणा वाचता येत नाहीत.

आदलीन चुलीपाशी उभी होती. ती टेबलापर्यंत आली आणि तिनं आपला उजवा तळहात सगळ्यांसमोर उताणा ठेवला. फोड फुटून लाल झाले होते.

"मी चुकले नाही," ती म्हणाली. "खुणा मला वाचता येतात. दोन खाचा होत्या. पाऊण तास लागला घालवायला. सांगणारे हे बसलेत."

"आदलीन," कांदीद म्हणाला.

"आता मला सगळं बोलू दे, परत मी बोलायची नाही." ती उर्स्युलकडे वळली. तीस वर्षांत तिनं तिच्याकडे इतकं सरळ कधी बघितलं नव्हतं. "फिर्मेंनं चाक मागितलं ते यांच्याकडे नाही. आईंकडे मागितलं. त्या खूश झाल्या, जिनिव्हाचे लोक मला बघतील म्हणाल्या. मग यांनी विचारलं, तुमच्या वेळी काय कापायचं? तेव्हा आई म्हणाल्या, उर्स्युलचं कापा. तिच्यामागं खायला कोण आहे."

उर्स्युलनं विचारलं, "मी कुठं होते?"

"बाहेर. चादरी वाळत घालत होतीस. त्यांच्याच."

आणि घराचंही तुला कुणी सांगितलेलं नाही, आदलीन म्हणाली, आणि तेही तिनं सांगून टाकलं, ईस्टर, भाडेकरू, बटाट्यांची खोली. फिर्मेंनं तोंड हातांनी झाकलं. पाहुणे निघू की बसू या विचारात अर्धवट उठून परत टेकले.

* * *

कांदीदला प्रसंग निभावून नेण्याची कला होती. गावच्या पंचायतीत वीस वर्षं त्यानं तेच केलं होतं. बहिणीचा चेहरा बघून त्यानं हिशेब बांधला, की इथं आता काहीतरी मोठं द्यावं लागणार. आणि त्याला खरंच वाईटही वाटलं. उर्स्युल रडली असती तर तो तिच्याजवळ गेला असता. ती रडत नव्हती, म्हणून तो बसूनच बोलला.

घर भाड्यानं द्यायचं राहू दे, तो म्हणाला. घर तुझं. पुढची खोली, मागची खोली, तळघर, सगळं. सगळ्यांसमोर सांगतो.

"तू इथंच राहा. मरेपर्यंत."

"मी मेले, कांदीद," उर्स्युल म्हणाली. "आत्ताच खाल्लंस ना."

ती उठली. जगात उरलेली वाइन तिनं लाकडी पेल्यात ओतली, काठोकाठ, आणि पेला कांदीदपुढे ठेवला.

"चीज माझं कापलंत. वाइन मी भरलेली. गावही जमलंय. मग माझंही उरकून घ्या, परत सगळ्यांना कशाला बोलवायचं? मी तुला काय दिलं ते सांग."

"उर्स्युल, असं काय करतेस."

"एक वाक्य. लांबण लावू नकोस."

कांदीदनं पेला धरला. त्याला वाटलं, हे तर सोपं आहे, सत्तावन्न वर्षांची बहीण, काहीही सांगता येईल. पण काहीही म्हटलं की नेमकं काही हाती येईना. तिनं वाढलेली जेवणं आठवली, धुतलेले सदरे आठवले. त्याच्या पहिल्या मुलाला घटसर्प झाला तेव्हा कुणीतरी सिएरपर्यंत बर्फातून चालत जाऊन औषध आणलं होतं, ती उर्स्युल होती की दुसरं कुणी, हे त्याला आठवेना, आणि चूक सांगितलं तर, या भीतीनं त्यानं ते गिळलं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"तिनं आईला सांभाळलं," तो म्हणाला.

"ते आईला दिलं. तुला काय दिलं?"

तिनं त्याच्या हातातून पेला काढला आणि फिर्मेंला दिला. फिर्में रडत होता. तो म्हणाला, तिनं मला कधी कसला जाब विचारला नाही.

"हे खरं आहे," उर्स्युल म्हणाली. "चूकच केली मी. घोट घे."

फिर्मेंनं घेतला. मग पेला आदलीनकडे गेला. आदलीननं तो दुखऱ्या तळहातानं कसाबसा पेलला.

"मला तिनं काही दिलं नाही," आदलीन म्हणाली. "ती द्यायला यायची, मी दार लोटून घ्यायचे. तीस वर्षं."

तिनं घोट घेतला आणि कडूपणानं तिचं तोंड वाकडं झालं. ती खोऱ्यापलीकडची होती, ही वाइन तिला कधी आवडलीच नव्हती. उर्स्युलनं तिच्याकडे बघून मान हलवली. त्या दिवशी त्या घरात कुणाला काही मिळालं असेल तर ती एक मान हलवणं.

बाकीच्यांकडे पेला गेलाच नाही. उर्स्युलनं तो स्वतः घेतला आणि उरलेली वाइन उभ्यानं संपवली. मग ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर कोट होता, डोक्याला रुमाल, आणि हातात बाजाराची पिशवी, त्यात जे काय मावलं असेल ते. सिएरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी म्हाताऱ्यांचं इस्पितळ चालवायला घेतलंय, ती टेबलाकडे बघून म्हणाली. शरद ऋतूत त्यांच्या मोठ्या बाई विचारून गेल्या होत्या, अंग उचलायची सवय असलेली बाई हवी आहे. तेव्हा मी म्हटलं होतं, घरी आई आहे. तिथं त्याच कामाचा पगार देतात आणि रविवारी सुट्टी.

"आज? अगं, आज आईला पुरलं," फिर्में म्हणाला.

"सव्वातीनची पोस्टाची बस आहे."

म्हातारा सेराफें, ज्याला यातलं निम्मंही ऐकू आलं नव्हतं, शेजारणीला विचारत होता की काय झालं, भेग खरीच ना? उर्स्युलनं तळघराची किल्ली कमरेच्या दोरीतून सोडवली. गाठ जुनी होती, वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे तिच्या बोटांकडे बघत बसले. किल्ली तिनं कांदीदपुढे चीजच्या पाटावर ठेवली. घर बंद ठेवा, भाड्यानं द्या, तुमची मर्जी, एवढं बोलून ती निघाली.

कांदीदच्या आत काहीतरी खरंच हललं. त्याला तिला थांबवायचं होतं. तो खुर्ची मागं सारून उठला, टेबलाला वळसा घालून निम्म्या वाटेपर्यंत गेला, आणि त्याच्या तोंडून जे पहिलं निघालं ते असं निघालं:

"आणि वसंतात पिंप कोण भरणार?"

बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं. उर्स्युलचा हात कडीवर होता. ती वळली, आणि त्याच्याकडे तिनं रागानं बघितलं असतं तरी त्याला परवडलं असतं.

"बघ," ती म्हणाली, "सापडलं की तुला वाक्य."